मनगटावर पाळीची नोंद: पहिले तीन महिने

स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयाच्या एखाद्या चौकोनात पेनाने केलेली बारीक फुली पुण्यातल्या कितीतरी घरांत अजून दिसते. घरातल्या पुरुषांना ती गॅस सिलिंडरची नोंद वाटते. स्मार्टवॉच किंवा स्मार्ट अंगठी घ्यायला निघालात तर त्या उपकरणाचं निम्मं काम या फुलीचंच आहे हे आधी समजून घ्या. पाळी आली हे घड्याळाला आपोआप कळत नाही. रक्तस्राव ओळखणारा सेन्सर मनगटावर किंवा बोटावर नसतो, तारीख तुम्हालाच टाकावी लागते. उरलेलं निम्मं काम मात्र फुलीला जमणारं नाही: झोपेत अंगाचं तापमान रोज किती होतं, याची नोंद. पैसे मोजायचे ते या दुसऱ्या निम्म्यासाठी.

आधी गरज तपासा

पुढची पाळी साधारण कधी येईल एवढंच हवं असेल आणि पाळी बरीचशी नियमित असेल, तर फोनवरचं फुकटचं ॲप पुरतं. कालनिर्णयही पुरतं. त्यासाठी वीस-पंचवीस हजार घालवू नयेत.

उपकरणाचा खरा उपयोग होतो तो पाळी पुढे-मागे होणाऱ्यांना, दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्यांना, पीसीओएसचे (हार्मोनच्या बिघाडामुळे स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडण्याचा विकार) उपचार चालू असलेल्यांना, आणि चाळिशीनंतर पाळीचं वेळापत्रक बिघडायला लागलेल्यांना.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तापमानाच्या आलेखातून काही हाती लागत नाही, कारण यातल्या बहुतेक गोळ्या स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत, आणि तापमान चढतं ते स्त्रीबीज बाहेर पडल्यावरच. कॉपर-टी असेल तर अडचण नाही. त्यात हार्मोन नसतं आणि चक्र आपल्या गतीने चालू राहतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मात्र यात ओढू नका. पहिली दोन-तीन वर्षं चक्र २१ ते ४५ दिवसांत कुठेही झुलतं, आणि रोज सकाळी आलेख बघून ती उगाच धास्तावेल. तिला एक छोटी वही द्या.

खोक्यावर काय वाचायचं

हजार-दोन हजारांच्या बहुतेक घड्याळांवर ‘वुमन हेल्थ’ किंवा ‘फीमेल हेल्थ’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच की ॲपमध्ये कॅलेंडर आहे. तुम्ही तारीख टाकायची, त्याने २८ मिळवून पुढची सांगायची. घड्याळ हातात असो वा कपाटात, उत्तर तेच येतं.

हवा आहे तो त्वचेच्या तापमानाचा सेन्सर, आणि तोही रात्रभर आपोआप मोजणारा. बटण दाबल्यावर एकदाच आकडा दाखवणारा सेन्सर या कामाचा नाही. ॲपल वॉचमध्ये तो सिरीज ८ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे. त्याच वर्षी आलेल्या स्वस्त एसई मॉडेलमध्ये नव्हता. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉचमध्ये ५ पासून आहे. औरा आणि बंगळुरूच्या अल्ट्राह्युमन या अंगठ्या बोटावरून तापमान घेतात. सेकंडहँड घड्याळ घेताना मॉडेलचा आकडा नीट बघा. दिसायला सारखीच असणारी आधीची आवृत्ती गळ्यात पडते आणि त्यात नेमका हाच सेन्सर नसतो.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, असा किंवा मॉलमधल्या दुकानात, विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: “रात्रभराचं तापमान साठवतं का, आणि ते पाळीच्या आलेखात दिसतं का?” उत्तर ‘हो’ आलं तर दुकानातल्याच नमुन्यावर तो पडदा उघडून दाखवायला सांगा. ॲपल वॉचला आयफोनच लागतो, हेही तिथेच आठवा. काही अंगठ्यांना दरमहा वर्गणी असते, ती वर्षाची करून किमतीत मिळवा.

घड्याळ की अंगठी, हा वाद झोपेवरून सोडवावा. रात्री घड्याळ घालून झोपवत नसेल तर कितीही भारी घेतलं तरी ते उशाशी पडून राहणार. अशांनी अंगठी घ्यावी. तिचं माप मात्र चुकवू नका. मापाची प्लास्टिकची अंगठी मिळते ती चोवीस तास, रात्रीसकट, बोटात ठेवून बघा. मे महिन्याच्या दुपारी आणि पाळीच्या आधीच्या चार दिवसांत बोटं थोडी सुजतात. सकाळी घट्ट बसणारी आणि संध्याकाळी थोड्या जोराने का होईना निघणारी, ती बरोबर. तर्जनीत ती चांगली बसते. ॲक्टिव्हा चालवणाऱ्यांनी डाव्या हातात घालावी, नाहीतर ॲक्सिलरेटरच्या मुठीवर ती रुतत राहते. कणीक मळताना आणि तारेच्या घासणीने भांडी घासताना काढून ठेवा, आणि शेजारच्या बोटात सोन्याची अंगठी नको. दोन्हींवर चरे पडतात.

घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, एक बोट जेमतेम सरकेल इतपत घट्ट. बांगड्या दुसऱ्या हातात घाला. आंघोळीनंतर पट्ट्याखाली साबणाचं पाणी राहिलं की खाज सुटते आणि लाल चट्टा उठतो. लोक त्याला ‘घड्याळाची ॲलर्जी’ म्हणतात, पण पट्टा धुऊन कोरडा केला की बहुतेकांचा चट्टा जातो.

पहिल्या संध्याकाळी करायच्या गोष्टी

ॲप उघडल्यावर ते सरासरी चक्र विचारतं आणि २८ आधीच भरून ठेवतं. तो आकडा तसाच पुढे ढकलू नका. मागच्या किमान तीन, जमलं तर सहा पाळ्यांच्या तारखा टाका. आठवत नसतील तर एक युक्ती आहे: दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवर जुन्या ऑर्डरी बघा. पॅडची पाकिटं कधी मागवली ते दिसतं, आणि ती सहसा आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी मागवलेली असतात.

चक्राचा पहिला दिवस म्हणजे नीट अंगावरून जायला लागलं तो दिवस. आदल्या दिवशी नुसते डाग लागले असतील तर ते ‘स्पॉटिंग’ म्हणून वेगळे टाका. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एका महिन्यात डाग लागल्याचा दिवस पहिला धरला आणि दुसऱ्या महिन्यात रक्तस्रावाचा, की नियमित चक्रसुद्धा कागदावर अनियमित दिसायला लागतं. रात्री अकरानंतर पाळी सुरू झाली तर तो दिवस धरायचा की पुढचा, याचा एकदाच निर्णय घ्या आणि तोच कायम ठेवा.

गोळ्या, कॉपर-टी, स्तनपान, गरोदरपण यांसाठी ॲपमध्ये वेगळ्या खुणा असतात. त्या भरल्या नाहीत तर ॲप तुमच्याकडून नेहमीच्या चक्राचीच अपेक्षा धरतं आणि रोज चुकीचे अंदाज पाठवतं.

मग झोपेची वेळ लावा. ॲपल वॉचमध्ये ‘स्लीप फोकस’, म्हणजे झोपेसाठीची सेटिंग, चालू असताना, आणि झोप किमान चार तासांची झाली तरच, तापमान धरलं जातं. अशा साधारण पाच रात्री झाल्या की तुमची मूळ पातळी ठरते आणि आकडे दिसायला लागतात. ओव्ह्युलेशन, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणं, कधी झालं असावं याचा अंदाज मात्र दोन चक्रं घातल्यानंतरच येतो. पहिल्या महिन्यात ‘काहीच दाखवत नाही’ म्हणून ते परत करायला धावू नका. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या आणि सकाळी नऊला झोपणाऱ्या मुलींनी झोपेचं वेळापत्रक दिवसाचं लावावं. रात्री अकरा ते सहा असं लावून ठेवलं तर ऑफिसातली जागरणं झोप म्हणून गणली जाण्याचा किंवा खरी झोप गळून पडण्याचा घोळ होतो.

चार्जिंगची वेळ आत्ताच ठरवा. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ संध्याकाळच्या कुकरच्या वेळेला लावा. झोपायच्या वेळी २० टक्के उरलेलं घड्याळ चार्जिंगला लावलं की ती रात्र गेली. अंगठी चार-पाच दिवस चालते, आणि म्हणूनच तिची बॅटरी संपल्याचं लक्षात येत नाही. तिला आठवड्यातले दोन वार नेमून द्या.

रेघ कशी वाचायची

पाळीपासून ओव्ह्युलेशनपर्यंत अंगाचं तापमान खालच्या पातळीवर असतं. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं आणि तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशांनी चढतं. ते पुढच्या पाळीपर्यंत वरच राहतं आणि पाळीच्या एक-दोन दिवस आधी किंवा त्याच दिवशी उतरतं. सोबत विश्रांतीच्या वेळची नाडीही मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते. पूर्वी हेच तापमान पहाटे उठल्या उठल्या, बिछान्यातून पाय खाली न टाकता, थर्मामीटर तोंडात धरून घ्यावं लागे. उपकरणाने ती कटकट काढली. त्याचं श्रेय मुख्यतः एवढंच, आणि ते लहान नाही.

उपकरणात ३६.५ असे आकडे दिसतीलच असं नाही. बहुतेक ठिकाणी तुमच्याच सरासरीपेक्षा किती वर-खाली, एवढं दिसतं. नमुन्यादाखल एक चक्र घेऊ. पाळी ३ जूनला आली. आधीची दोन्ही चक्रं २८ दिवसांची होती, म्हणून ॲपच्या कॅलेंडरने पुढची तारीख १ जुलै सांगितली.

१६ ते २१ जून: −०.२१, −०.१५, −०.२४, −०.१८, −०.०९, −०.१६
२२ ते २५ जून: +०.०५, +०.१४, +०.२२, +०.१९

त्याआधी १२ जूनला एकच आकडा +०.४८ होता. त्या रात्री झोपायला तीन वाजले होते. तो सोडून द्यायचा. एकट्या उडीला अर्थ नसतो, आधीच्या सहा रात्रींपेक्षा वर असलेल्या सलग तीन रात्री लागतात आणि तिसरी निदान ०.२ ने वर हवी. इथे आधीच्या सहांतला सर्वांत वरचा आकडा −०.०९ आहे आणि तिसरी रात्र +०.२२ ची, म्हणजे चढ पक्का. ओव्ह्युलेशन २१ जूनच्या आसपास झालं असणार.

आता खरी गंमत. ओव्ह्युलेशन ते पाळी हे अंतर बहुतेकींत १२ ते १४ दिवसांचं असतं, कोणाचं १०, कोणाचं १६. पण एकाच बाईत ते महिन्यागणिक फारसं हलत नाही. हलतो तो पहिला भाग. जागरण, आजारपण, परीक्षा, वजनातला मोठा फरक, यांनी ओव्ह्युलेशन लांबतं आणि त्याच्यामागे पाळी लांबते. नमुन्यातल्या बाईचं अंतर १४ दिवसांचं, म्हणजे पाळी ५-६ जुलैला. ती आली ६ जुलैला, ३३ दिवसांनी. कॅलेंडरच्या हिशेबाने ती पाच दिवस ‘चुकली’ होती. तापमानाच्या हिशेबाने ती वेळेवर होती, आणि हे २५ जूनलाच सांगता आलं असतं. १ ते ६ जुलै जीव टांगणीला लागतो तो टळला, हाच या उपकरणाचा मोठा फायदा.

म्हणून ॲपने लाल रंगात दाखवलेली पुढची तारीख फार मनावर घेऊ नका. चढ दिसला की त्याच्या आदल्या दिवसात तुमचं नेहमीचं अंतर मिळवा. ते किती, हे दोन-तीन चक्रांनंतर तुमच्याच नोंदीतून कळतं.

तापमान वर जाऊन सलग १८ दिवस वरच राहिलं आणि पाळी आली नाही, तर सकाळच्या पहिल्या लघवीची गर्भ-चाचणी करा.

आणि रेघ चढलीच नाही तर? सपाट किंवा दातेरी रेघेचा एक अर्थ असा की त्या चक्रात स्त्रीबीज बाहेर पडलं नाही. पीसीओएसमध्ये हे वारंवार होतं, आणि पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांतही. एखाद्या चक्रात तसं झालं तर घाबरण्यासारखं काही नाही. लागोपाठ दोन-तीन चक्रांत झालं तर डॉक्टरांना दाखवा, पण आधी पट्टा सैल होता का, मधल्या काही रात्रींची नोंद सुटली होती का, ते बघा.

इथे प्रयोगशाळेची एक चूक टाळता येते. स्त्रीबीज बाहेर पडलं का, हे बघायला प्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी सांगतात आणि सवयीने ‘एकविसाव्या दिवशी या’ म्हणतात. तो हिशेब २८ दिवसांच्या चक्राचा आहे. चाचणी खरं तर पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सात दिवस आधी हवी. ३५ दिवसांचं चक्र असेल तर ती अठ्ठाविसाव्या दिवशी येते. एकविसाव्याला रक्त दिलं तर आकडा कमीच येणार आणि सगळं ठीक असताना औषधं सुरू होतील. डॉक्टरांना चढाची तारीख सांगा आणि मग चाचणीचा दिवस ठरवा.

रेघ बिघडवणाऱ्या गोष्टी

पावसाळ्यात डेंग्यू किंवा साध्या व्हायरलचा ताप आला की रेघ अंशभर वर जाते. त्या रात्रींवर ‘आजारी’ अशी खूण करा. कोविड, फ्लू किंवा डेंग्यूनंतरचं ओव्ह्युलेशनही लांबू शकतं, तेव्हा तो सगळा महिनाच सरासरीतून वगळणं बरं. लसीनंतरच्या एक-दोन रात्रींचंही तसंच.

मद्य घेतलेली रात्र उबदार दिसते. पुण्याच्या जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा हात रजईबाहेर राहिला तर मनगट थंड पडतं, आणि गोधडीत गुरफटला तर तापतं. उन्हाळ्यात रोज पंखा आणि मधेच एक दिवस एसी, यानेही फरक पडतो. उपकरण यातलं बरंच सरासरीत मुरवून घेतं, पण ओव्ह्युलेशनच्याच आठवड्यात हे सगळं एकदम झालं तर चढ झाकला जातो. विसर्जनाच्या रात्रीचं जागरण त्यातलंच.

सणाच्या निमित्ताने आणखी एक. गौरी-गणपती, घरचं लग्न किंवा वारी जवळ आली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. सहसा त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, विशेषतः रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ॲपला यातलं काही माहीत नसतं. ते लांबलेलं चक्र खरं धरून पुढच्या सगळ्या तारखा सरकवतं. शेजारी गोळ्यांची नोंद लिहा आणि तो महिना आलेखातून वाचूच नका. गोळ्या घ्याव्यात की न घ्याव्यात, पाळीत दर्शन घ्यावं की नाही, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न; नोंद मात्र खरी असावी.

सर्वांत साधी चूक म्हणजे एक पाळी टाकायची विसरणं. २९ दिवसांची दोन चक्रं मिळून ५८ दिवसांचं एक होतं, आणि ॲप ‘चक्र अनियमित आहे, डॉक्टरांना भेटा’ असा निरोप पाठवतं. मागे जाऊन तारीख भरली की निरोप जातो.

दिवस राहावेत म्हणून वापरताना

तापमान चढतं ते स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर, आणि स्त्रीबीज टिकतं जेमतेम १२ ते २४ तास. चढ बघून संबंध ठेवायचे म्हटलं तर गाडी स्टेशनातून सुटलेली असते. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत राहू शकतात, म्हणून उपयोगाचे सहा दिवस म्हणजे ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच.

पुढचं सांगायला मेडिकलमधली ओव्ह्युलेशनची पट्टी लागते. ती लघवीतलं एलएच, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी वाढणारं हार्मोन, तपासते. गेल्या काही महिन्यांतल्या सर्वांत छोट्या चक्रातून १७ वजा करा, त्या दिवसापासून रोज पट्टी वापरा: २८ दिवसांचं चक्र असेल तर अकराव्या दिवसापासून. वेळ सकाळी दहा ते रात्री आठमधली, रोज तीच. आधी दोन तास पाणी कमी प्या, नाहीतर रेघ फिकट येते. चाचणीची रेघ तुलनेच्या रेघेइतकी किंवा जास्त गडद आली की पुढच्या २४ ते ३६ तासांत ओव्ह्युलेशन अपेक्षित. मग तीन-चार दिवसांनी घड्याळात चढ दिसला तर दोघांचा मेळ बसला. पट्टी गडद आणि चढ नाही, असं पीसीओएसमध्ये होतं, कारण तिथे एलएच मुळातच जास्त असू शकतं. अशा वेळी फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे स्त्रीबीजाची वाढ बघणारी, सोनोग्राफीच खरं सांगते.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच.

याच्या उलट वापर, म्हणजे ‘सुरक्षित दिवस’ घड्याळावर बघून निर्धास्त होणं, करू नका. कंपन्या स्वतःच तसं लिहितात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नॅचरल सायकल्स या ॲपला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली. त्यातही रोजच्या व्यवहारातल्या वापरात वर्षाला शंभरांतल्या साधारण सातजणींना दिवस राहतात. कॉपर-टीत शंभरांत एकीपेक्षा कमी.

कोणाकोणाला दिसतं

ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर चालू असताना ‘तुमची पाळी दोन दिवसांत अपेक्षित आहे’ असा निरोप वर तरंगला, तर व्हायचं ते होतं. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपचे निरोप ‘मजकूर लपवून’ ठेवा, लॅपटॉपवर येणारे पूर्ण बंद करा, आणि ॲपला वेगळं कुलूप घाला. टॅब्लेट मुलांकडे असेल आणि खातं एकच असेल तर तिथेही तपासा.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने फ्लो या पाळीच्या ॲपशी तडजोड केली. वापरणाऱ्यांची माहिती शब्द देऊनही फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांच्या यंत्रणेकडे पाठवल्याचा आरोप होता. तेव्हा घड्याळाची माहिती दुसऱ्या कंपनीच्या ॲपला जोडताना प्रत्येक परवानगी वाचा: पाळीच्या ॲपला तुमचं लोकेशन आणि संपर्कांची यादी कशाला हवी? नोंद शक्यतो फोनवरच ठेवा. ॲप काढून टाकलं तरी खातं सर्व्हरवर राहतं, आधी ‘खातं आणि माहिती खोडा’ करून मग ॲप काढा. भारतात २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात माहिती खोडून मागण्याची तरतूद आहे. कंपनीने ‘वेलनेस’ योजनेत फुकट बँड वाटले असतील तर आलेख एचआरला दिसतो का, हे लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पाळीची नोंद त्या बँडवर नको.

डॉक्टरांकडे जाताना

घड्याळ न बघताही डॉक्टर गाठावेत अशा गोष्टी: मोठ्या बाईचं चक्र वारंवार २१ दिवसांहून छोटं किंवा ३५ हून मोठं, रक्तस्राव आठ दिवसांपुढे, लागोपाठ दोन-तीन तास तासाला एक पॅड पूर्ण भिजणं, दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी, गरोदर नसताना ९० दिवस पाळी न येणं, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात जा.

रक्त किती गेलं हे उपकरण सांगू शकत नाही आणि डॉक्टर तेच आधी विचारतात. म्हणून पॅड पूर्ण भिजलेले किती आणि नुसते बदललेले किती, हे वेगळं लिहा. कप वापरत असाल तर सोपं आहे. त्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात, साधारण कपात २० ते ३० मिलि मावतं, आणि सगळ्या पाळीत मिळून ८० मिलिच्या पुढे गेलं तर रक्तस्राव जास्त समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं’ म्हणून सोडून देण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर कमी. पाळी लांबत असेल तर बहुधा थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी सांगतील.

ओपीडीत फोन पुढे करून आलेख सरकवत बसू नका. डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो आणि प्रत्येक ॲपचे रंग वेगळे असतात. एलएमपी, म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, हा पहिला प्रश्न असतो. एका पानावर एवढं लिहून न्या:

एलएमपी ६ जुलै. त्याआधी ३ जून, ६ मे, ८ एप्रिल.
रक्तस्राव ७ दिवस. दुसऱ्या दिवशी ८ पॅड पूर्ण भिजले, गाठी होत्या.
दुखणं १० पैकी ७, पहिले दोन दिवस. वेदनाशामक गोळ्या ४, नाव सोबत.
तापमानाचा चढ २२ जूनपासून. मे महिन्यात ताप होता, त्या नोंदी धरू नयेत.
चालू औषधं: थायरॉइडची गोळी, सकाळी.